पंख्याला शिव्या देऊ नका

कॉम्प्युटर घरघरतोय, तापतोय, मध्येच बंद पडतोय, ही तक्रार घेऊन तालुक्याच्या गावातल्या एखाद्या दुकानात जा. उत्तर तयार असतं. “जुना झालाय. आता नवाच घ्या.” सांगणारा कॅबिनेटचा एक स्क्रूसुद्धा सोडवत नाही. पेशंटच्या मनगटाला हात न लावता डॉक्टरने तेराव्याचा खर्च सांगावा, तसला हा प्रकार. आणि आपण मान डोलावतो, कारण कॉम्प्युटर म्हणजे आत काहीतरी फार अवघड, फार नाजूक, आपल्याला न कळणारं असतं अशी आपली ठाम समजूत करून दिलेली आहे.

ही समजूत खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे माझ्यासारख्या लोकांनी आजवर मोठ्याने सांगितलेलं नाही. म्हणून हा लेख.

मी पेणचा. वय अठ्ठावीस, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची पदवी, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये. आठवड्यातले दोन दिवस नवी मुंबईला ऑफिस, बाकीचे दिवस घरून. माझ्या काकांचा गणपतीचा कारखाना हमरापूरच्या बाजूला आहे. पेण तालुक्यात कारखाना म्हटलं की आधी गणपतीचाच कारखाना डोळ्यासमोर येतो, तेव्हा वेगळं सांगायला नको. या कारखान्यात एक डेस्कटॉप आहे. २०१४ साली असेंबल करून घेतलेला, इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम. मध्ये कधीतरी त्याला एसएसडी बसली, एक सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड बसलं. ऑर्डरी, मूर्तींचे फोटो, बिलं, बाहेरगावच्या व्यापाऱ्यांचे हिशेब सगळं त्याच्यावर.

गेली दोन वर्षं मात्र त्या मशीनवर खरा हक्क माझ्या चुलत बहिणीचा आहे. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि ब्लेंडरमध्ये मूर्ती घडवते. ब्लेंडर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. २००२ साली लोकांनी वर्गणी काढून त्याचा सोर्स कोड कंपनीच्या तावडीतून सोडवला, तेव्हापासून ते सगळ्यांचं आहे. २०२५ साली ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालेला ‘फ्लो’ हा लाटव्हियाचा सिनेमा याच ब्लेंडरमध्ये बनला. बहिणीला ऑस्कर नकोय. तिला आजोबांच्या शाडूच्या मूर्तीची सोंडेजवळची बारीक वळणं स्क्रीनवर जशीच्या तशी उतरवायची आहेत, कारण जुने साचे झिजत चालले आहेत आणि आजोबा नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात मशीन किंचाळायला लागलं. ब्लेंडर उघडलं की पाच मिनिटांत फॅन मिक्सरसारखा आवाज करायचा, दहाव्या मिनिटाला सगळं काळं. सेव्ह न केलेलं काम गेलं. काकांनी मशीन रिक्षात घालून गावातल्या एका दुकानात नेलं. अठ्ठेचाळीस हजारांचं कोटेशन घेऊन परत आले. वर तंबी मिळाली ती वेगळीच: विंडोज टेनचा सपोर्ट संपतोय, तुमच्या मशीनवर विंडोज इलेव्हन चालणार नाही, आता हे भंगारच.

अठ्ठेचाळीस हजार या आकड्याचा अर्थ महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या माणसाला वेगळा लागतो आणि गणपतीच्या कारखानदाराला वेगळा. उन्हाळ्यात कारखान्यात पैसा फक्त जात असतो. प्लास्टर, काथ्या, रंग, मजुरी. येतो तो पावसाळ्यात, तोही व्यापाऱ्याच्या मर्जीने. त्यामुळे घरात जे ठरायचं तेच ठरलं. “सध्या राहू दे. सिझननंतर बघू. तोवर मोबाइलवर कर ना काहीतरी.” हे वाक्य कुणी वाईट हेतूने बोललं नव्हतं. पण “सिझननंतर बघू” म्हणजे काय, हे आपल्याकडच्या मुलींना नीट माहीत असतं. सिझननंतर परीक्षा असते, परीक्षेनंतर स्थळं.

रविवारी मी ते मशीन उघडलं. बाजूचे दोन स्क्रू हाताने निघाले. आत जे होतं ते बघून मला हसावं की रडावं कळेना. प्रोसेसरच्या डोक्यावर हीटसिंक नावाची ॲल्युमिनियमच्या पात्यांची चकती असते, तिच्यातून हवा जायला फटी असतात. तिथे फटी नव्हत्याच. पॉलिश पेपर मारताना उडणारी प्लास्टरची पूड, तिच्यावर कॉम्प्रेसरच्या स्प्रेमधून उडालेल्या रंगाचा फवारा, पुन्हा पूड, पुन्हा रंग. अंगरंगाचा गुलाबी थर, पीतांबराचा पिवळा, मध्येच सोनेरी. झाडाच्या बुंध्यातली वर्तुळं मोजावीत तसे सिझन मोजता आले असते. प्लास्टर ऑफ पॅरिस पाणी धरून घट्ट होतं, हे मूर्तिकाराच्या घरात शिकवावं लागत नाही. कोकणातल्या पावसाळी हवेत त्याची पूडही धरते. ब्रशने निघेना, लाकडी काडीने खरवडावं लागलं.

त्याखाली दुसरी गंमत. हीटसिंक चार प्लास्टिकच्या पिनांवर बोर्डाला आवळलेली असते. त्यातली एक निसटली होती, त्यामुळे एक कोपरा उचललेला. थर्मल पेस्ट खडूसारखी सुकलेली. जुना पेस्ट पुसला, मटाराएवढा नवा लावला, पिना समोरासमोरच्या जोडीने दाबल्या. फॅनच्या मधला स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. खर्च तीनशे चाळीस रुपये, त्यात पेस्टची नळी अजून अर्धी शिल्लक आहे. आधी जो प्रोसेसर पाच मिनिटांत शंभर अंशांना टेकायचा, तो आता तासभर ब्लेंडर चालवून सत्तरीच्या आसपास असतो. आवाज? ऐकू येतो. छताच्या पंख्यापेक्षा कमी.

आता कुणी म्हणेल, एका मशीनवरून एवढा गहजब कशाला. गहजब यासाठी की यात काहीही अपवादात्मक नव्हतं. त्या प्रोसेसरवर लिहिलेलं आहे ८४ वॅट. म्हणजे जोर लावून काम करताना तो साधारण एवढी वीज खातो, आणि कॉम्प्युटर जेवढी वीज खातो तेवढी सगळी शेवटी उष्णताच होते. आकडेमोड करून काही वीज ‘वापरली’ जात नाही. निवांत बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता टाकतो. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून जवळजवळ माणसाएवढी उष्णता बाहेर काढायची आहे. ती आधी पेस्टमधून धातूत जाते, धातूतून पात्यांत, पात्यांतून हवेत, आणि ती हवा खोलीत. या वाटेवर कुठेही अडथळा आला की उष्णता मागे तुंबते. पिन निसटून केसाएवढी फट पडली तरी पुरे, कारण हवा ही तांब्याच्या तुलनेत उष्णता वाहून नेण्यात जवळपास पंधरा हजार पटींनी मठ्ठ आहे. ती मठ्ठ हवा हुसकावून तिथली जागा भरायची, एवढंच पेस्टचं काम.

आणि फॅन? सगळी वाट तुंबलेली असताना एकटा धावणारा तोच. प्रोसेसर तापला की बोर्ड फॅनला सांगतो, पळ. फॅनचं गणित मोठं क्रूर आहे. वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण वीज आठपट लागते आणि आवाज साधारण पंधरा डेसिबलने चढतो. म्हणजे तुंबलेल्या हीटसिंकवर दुप्पट वेगाने फिरणारा फॅन कानाचे पडदे फाडतो आणि फायदा जवळपास काही होत नाही. आपण शिव्या देतो त्याला. नालीत कचरा आम्ही टाकायचा आणि पाणी रस्त्यावर आलं की पावसाला बोल लावायचा, ही आपली जुनी सवय आहे.

त्यात आपली हवा. हीटसिंक हवेपेक्षा थंड काहीच करू शकत नाही; खोलीच्या तापमानावर ती अमुक अंश जास्त, एवढंच तिच्या हातात असतं. एसीत पंचवीस अंशांना जो प्रोसेसर पासष्टला शांत बसतो, तोच पत्र्याच्या शेडमध्ये अडतीस अंशांना अठ्ठ्याहत्तरवर जाणार. आमच्याच जिल्ह्यातल्या भिरा गावात मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंशांची नोंद झाली होती. कंपनीच्या जाहिरातीतलं मशीन काचेच्या टेबलावर, पांढऱ्या भिंतीसमोर ठेवलेलं असतं. त्या फोटोत मुंबई-गोवा हायवेची धूळ नसते. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं तेव्हा मी शाळेत होतो. शाळा संपली, कॉलेज संपलं, नोकरी लागली, आणि या सगळ्या काळात त्या रस्त्याच्या कडेच्या प्रत्येक घरातल्या प्रत्येक फॅनने ती धूळ खाल्ली.

पण सगळा दोष हवेवर टाकून चालणार नाही. आपण मध्यमवर्गीयांनी ‘कॉम्प्युटर टेबल’ नावाची एक वस्तू घराघरात घेतली. प्लायवूडचं, वर मॉनिटर, खाली ओढायचा कीबोर्ड, आणि उजवीकडे सीपीयू ठेवायला दार असलेला बंद कप्पा. तापणारी वस्तू लाकडी पेटीत कोंडून वर तिला दार लावायचं! मागची बाजू भिंतीला टेकलेली, वरती आईने विणलेलं कव्हर, त्याच्यावर फ्लॉवरपॉट. चुलीवर गोधडी घालण्यासारखं आहे हे. त्या कप्प्यातला कॉम्प्युटर स्वतःचीच गरम हवा पुन्हापुन्हा पीत राहतो. दार काढून टाकलं, भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, तरी काही घरांतला निम्मा आरडाओरडा थांबेल. त्यासाठी एक पैसा लागत नाही.

खंडेनवमीला आमच्या भागातल्या पोह्याच्या गिरणीत जाऊन बघा. मशीन बंद करतात, पट्टे सोडवतात, कोंडा झाडतात, ग्रीस भरतात, पुसतात आणि मग हळदकुंकू, झेंडूचा हार. आधी साफसफाई, मग पूजा. त्याच दिवशी त्याच मालकाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला काय मिळतं? वरूनच स्वस्तिक, वरूनच हार. आतून पुसायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. शेतकरी पंपाचा फूटव्हॉल्व्ह स्वतः काढतो, रिक्षावाला प्लग साफ करतो, काका बंद पडलेला कॉम्प्रेसर अर्ध्या तासात खोलून पुन्हा जोडतात. या माणसांना दोन स्क्रू जड नाहीत. कॉम्प्युटरला मात्र ते हात लावत नाहीत, कारण तो ‘शिकलेल्यांचा’ आहे.

आणि शिकलेले काय करतात? माझ्या व्यवसायात एक विनोद फार लाडका आहे. गावची मावशी म्हणते, तू कॉम्प्युटर इंजिनिअर ना, जरा आमचा कॉम्प्युटर बघ. आणि आपण मित्रांत जाऊन डोक्याला हात लावतो की यांना कसं समजावायचं, आपण प्रिंटर दुरुस्त करत नाही! टीशर्टवर छापून विकतात हा विनोद. मला तो कधीच हसवला नाही. मावशीची अपेक्षा अगदी रास्त आहे. चार वर्षं शिकून तुम्हाला दोन स्क्रू सोडवून धूळ झाडता येत नसेल, तर मावशीने तुम्हाला इंजिनिअर का म्हणावं? आमच्या परीक्षेत हीटसिंकवर पाच मार्कांची टीप यायची, आकृतीसह. हीटसिंक हातात देणारं प्रॅक्टिकल चार वर्षांत एकदाही झालं नाही.

आमचं पाप इथे संपत नाही. फॅन का पळतो याचं निम्मं उत्तर आम्ही लिहिलेल्या कोडमध्ये आहे. निकलाउस विर्थ या स्विस संगणकतज्ज्ञाने १९९५ सालीच लिहून ठेवलं की हार्डवेअर जेवढ्या झपाट्याने वेगवान होतंय, त्याहून झपाट्याने सॉफ्टवेअर सुस्त होतंय. तीस वर्षांत आम्ही त्याला खोटं ठरवण्याचा प्रयत्नही केला नाही. आज चॅट करायच्या एका ॲपच्या पोटात एक अख्खा ब्राउझर भरलेला असतो. बातमीच्या चार परिच्छेदांबरोबर जाहिरातींच्या डझनभर स्क्रिप्ट धावतात. हे सगळं आम्ही एसीत, कंपनीने दिलेल्या ताज्या लॅपटॉपवर बसून लिहितो आणि ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ म्हणून मोकळे होतो. त्याची उष्णता पेणच्या पत्र्याच्या शेडमध्ये निघते. मग तिथला दुकानदार सांगतो, जुना झालाय.

तुम्ही हे बहुधा फोनवर वाचताय, आणि मनात म्हणताय, माझ्या फोनला फॅनच नाही, त्यामुळे हा त्रासच नाही. फॅन नाही म्हणजे उष्णता नाही असं थोडंच आहे. एप्रिलच्या दुपारी गेम खेळताना किंवा रील एडिट करताना फोन हातात चटका देतो आणि मग अडखळायला लागतो, तेव्हा त्याने गुपचूप आपला वेग कमी केलेला असतो. डेस्कटॉप दुखलं की ओरडतो. फोन दुखणं गिळून हळू होतो, आणि तुम्हाला वाटतं फोन जुना झाला. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलला कबूल करावं लागलं की बॅटरी थकलेल्या आयफोनचा वेग ते अपडेटमधून कमी करत होते. कारण तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं, थकलेल्या बॅटरीवर फोन अचानक बंद पडू नये म्हणून. पण सांगितलं नव्हतं. स्वस्तात बॅटरी बदलून मिळाली की फोन पुन्हा पळतो हे कळेपर्यंत किती जणांनी नवे फोन घेतले असतील, विचार करा. आवाज करणाऱ्या यंत्राचा मला राग येत नाही. न बोलता मला नवं घ्यायला लावणाऱ्या यंत्राचा येतो.

डेस्कटॉप हे उघडता येणारं यंत्र आहे, आणि ते योगायोगाने तसं झालेलं नाही. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाचा नमुना आणला: बोर्डाची भोकं कुठे, सप्लायचे स्क्रू कुठे, मागचा पत्रा केवढा, सगळं ठरलेलं. म्हणून लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत घेतलेला कुठल्याही कंपनीचा सप्लाय कुठल्याही कंपनीच्या कॅबिनेटात आजही बसतो. तीस वर्षं टिकलेला असा दुसरा करार या धंद्यात शोधून दाखवा. उष्णतेची भीतीही फाजील आहे. २००१ साली ‘टॉम्स हार्डवेअर’ने एक व्हिडिओ केला होता: चालू मशीनवरून हीटसिंक उचलायची. एएमडीचा ॲथलॉन धूर सोडून मेला, इंटेलचा पेंटियम फोर मंदावला पण जगला. तेव्हापासून एवढं बदललंय की आजचा कुठलाही प्रोसेसर आधी वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर स्वतःला बंद करतो. बहिणीचं मशीन दहाव्या मिनिटाला बंद पडायचं ते मरायला टेकलं म्हणून पडत नव्हतं, स्वतःला वाचवण्यासाठी पडत होतं. उष्णतेपुढे खुद्द इंटेलने हात टेकले आहेत. गिगाहर्ट्झ वाढवत नेण्याचा पुढचा प्रोसेसर, टेजस, त्यांनी मे २००४ मध्ये रद्द केला आणि एकाऐवजी दोन गाभे बसवायची वाट धरली. कंपन्यांना उष्णतेशी वाटाघाट करता येते, दुकानदाराला फक्त कोटेशन देता येतं.

मग “सपोर्ट संपला”चं काय? तारीख खरी आहे, १४ ऑक्टोबर २०२५. विंडोज इलेव्हनला टीपीएम २.० आणि इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, हेही खरं. म्हणजे २०१७ च्या सुरुवातीला सातव्या पिढीचं मशीन घेतलेला माणूससुद्धा बाहेर. पण यावरून मशीन भंगार झालं हे कुठून निघालं? एका कंपनीने एका प्रॉडक्टची जबाबदारी सोडली, एवढंच निघतं. बहिणीच्या मशीनवर आता लिनक्स मिंट आहे, ब्लेंडर त्याच्यावर तसाच चालतो. काकांचं बिलिंगचं सॉफ्टवेअर चाललं नाही. त्यासाठी जुन्या हार्ड डिस्कवर विंडोज ठेवलंय आणि त्याला इंटरनेट दिलेलं नाही. थोडी कटकट आहे, मी नाकारत नाही. अठ्ठेचाळीस हजारांची नाही.

जगात २०२२ या एका वर्षात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अहवाल सांगतो. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलही काढलं. पोर्टल चांगलं आहे. पण सेवा केंद्रांचे पत्ते आणि वॉरंटीची माहिती देणाऱ्या वेबसाइटला हक्क म्हणत नाहीत. फ्रान्सने जानेवारी २०२१ मध्ये फोन, लॅपटॉप, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर दुरुस्तीचे दहापैकी गुण दुकानातच छापणं सक्तीचं केलं. घेतानाच कळतं की हे उघडेल की फेकावं लागेल. असा आकडा आपल्याकडे दिवाळी सेलच्या जाहिरातीत छापायला लावा, मग बघा किती ‘स्लिम’ मॉडेल उरतात.

यावर एक आधुनिक उत्तर मिळतं: आता स्वतःचं मशीन हवंच कशाला, सगळं क्लाउडवर होतं. क्लाउड म्हणजे ढग नाही हो. पेणहून तासाभरावर, पनवेलला, २०२० साली योट्टाचं प्रचंड डेटा सेंटर सुरू झालं. तिथेही प्रोसेसर तापतात, तिथेही फॅन ओरडतात, इतके की आत उभं राहून बोलायचं तर आवाज चढवावा लागावा. फरक एवढाच की तिथली उष्णता उपसायला अखंड वीज आहे आणि पगारी माणसं आहेत. २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावं ‘तिसऱ्या मुंबई’साठी एमएमआरडीएच्या ताब्यात दिली गेली. उद्या आमच्या शेताच्या जागेवरही सर्व्हर उभे राहतील. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर याच जिल्ह्यातल्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. डेटा सेंटरला वीज, पाणी, थंडावा सगळं मिळणार, आणि शेजारच्या गावातल्या मुलीने स्वतःचं मशीन टाकून देऊन त्या सर्व्हरवर महिन्याच्या भाड्याने काम करायचं, हा सौदा मला मान्य नाही. भाडं थकलं की काम बंद. तिच्या आजोबांची मूर्ती तिच्या डिस्कवर असली पाहिजे.

काही आक्षेप रास्त आहेत. जुनं मशीन वीज जास्त खातं, हे खरं. हिशेब करू. नव्यापेक्षा सरासरी पन्नास वॅट जास्त, रोज आठ तास: महिन्याला बारा युनिट, म्हणजे ढोबळमानाने शंभर-दीडशे रुपये. या वेगाने अठ्ठेचाळीस हजार वसूल व्हायला निदान सव्वीस वर्षं लागतात. पेंटियम फोरच्या जमान्यातलं मशीन असेल तर मात्र माया सोडा. ते तापतं भरपूर आणि काम करत नाही. दोन खोल्यांच्या घरात रात्री अभ्यास चालू असताना फॅनचा आवाज जाच आहे, हेही मान्य. त्यावर मोठ्या आकाराचा फॅन लावा, तो कमी वेगात तेवढीच हवा देतो. आणि प्रत्येक आवाज फॅनचा नसतो. हार्ड डिस्क टक-टक करायला लागली तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी फोटो, फाइल्स दुसरीकडे उतरवा. बोर्डावरचे कपॅसिटर डोक्याला फुगले असतील तर साफसफाईने काही होणार नाही.

दुकानदारांनी माझ्यावर चिडायचं असेल तर चिडावं, पण त्यांच्या बाजूनेही एक सांगतो. साफसफाईचे दोनशे रुपये मागितले की गिऱ्हाईक म्हणतं, फुंकर मारायचे दोनशे? तेच गिऱ्हाईक अठ्ठेचाळीस हजारांचं कोटेशन मुकाट्याने खिशात घालतं. हाताच्या कामाचे पैसे द्यायला आपल्या जिवावर येतं, डब्याचे नाही. धूळ झाडून, पेस्ट बदलून देणाऱ्याला पाचशे रुपये मोजा. रोह्याच्या धाटाव एमआयडीसीपासून पेणच्या बाजारपेठेपर्यंत हिशेबाच्या टेबलांखाली किती डेस्कटॉप घरघरत असतील; एखाद्या पोराने बॅग आणि ब्लोअर घेऊन फिरायचं ठरवलं तर त्याचं घर चालेल.

स्वतः उघडणार असाल तर प्लग काढून उघडा. फॅनच्या पात्यांना बोटाने धरून मगच ब्लोअर मारा, नाहीतर फुकट गरगर फिरून त्याचं बेअरिंग जातं. मागचा चौकोनी पत्र्याचा डबा, एसएमपीएस, तो मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शॉक देण्याइतका चार्ज राहतो. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तुमच्या घराचं अर्थिंग गेलेलं आहे किंवा कधी नव्हतंच. ते काम इलेक्ट्रिशियनचं, आणि ते आधी करून घ्या. कॉम्प्युटरचं नंतर बघू.